रोरी गॅलहर व रसिकांची कृतज्ञता

कलावंताची कीर्ती त्याच्या मागे किती काळ टिकेल, याचे गणित सोपे नाही. ज्यांच्या नावाचा हयातीत चोहोकडे डंका वाजला, त्यांपैकी कित्येकांची नावे पुढल्या पिढीत जुन्या तबकड्यांच्या वेष्टणांवरच काय ती उरतात. आणि ज्याने लौकिकाच्या मागे धावण्याचे बुद्ध्या टाळले, अशा एखाद्याच्या नावाने मात्र मृत्यूनंतर तीस वर्षांनीही वर्गणी जमते, पुतळे उभे राहतात, दूरदूरचे लोक त्याच्या जन्मगावी यात्रेस जातात. ही रसिकांची केवळ लहर समजावयाची, की तीस काही सबळ कारण आहे? आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलहर याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा थोडासा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्याच्या संगीताविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः मिसिसिपी नदीकाठच्या कापसाच्या मुलखात, गुलामगिरीतून सुटलेल्या परंतु दैन्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी जे शोकगर्भ गाणे निर्माण केले, त्यास ब्लूज म्हणतात. पुढे पोटासाठी उत्तरेकडे गेलेल्या मजुरांबरोबर ते शिकागोसारख्या शहरांत पोचले व तेथे विजेच्या गिटारीवर वाजू लागले. १९६० नंतर इंग्लंड-आयर्लंडातील तरुणांनी ते उचलले आणि त्यास रॉकच्या आवेशाची जोड दिली. या तरुणांतच गॅलहरची गणना होते. त्याचा जन्म २ मार्च १९४८ रोजी डोनेगॉल परगण्यातील बॅलिशॅनन येथे झाला. बालपणाची काही वर्षे डेरी शहरात काढून तो कॉर्क येथे वाढला. त्याचा गुरू म्हणजे रेडिओ. रात्री उशिरा परदेशी केंद्रांवरून जे सूर येत, ते कानात साठवून तो आपले आपण शिकला.

१९६३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्कच्या एका दुकानातून शंभर पौंडांना एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार हप्त्यांनी घेतली. त्या काळी साध्या कुटुंबास ही रक्कम छाती दडपणारी होती. या एका वाद्यावर सूर आणि साथ दोन्ही वाजविता येतील, म्हणजे दुसऱ्या वादकाचा खर्च वाचेल, असे सांगून त्याने आईची समजूत घातल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. हीच गिटार त्याने जन्मभर वाजविली. वर्षानुवर्षांच्या घामाने तिचा रंग उडत गेला व अखेरीस खालचे उघडे लाकूड दिसू लागले. पुढे कारखान्याने तिच्या हुबेहूब प्रतिकृती, रंगाच्या उडालेल्या पोपड्यांसह, विक्रीस काढल्या! ज्या खुणा उमटण्यास एका माणसाचे आयुष्य खर्ची पडले, त्या नव्या लाकडावर मुद्दाम उमटवून घेण्यास लोक उत्सुक असावेत, यात हास्यास्पद असे काही आहे खरे. परंतु पादुकांची पूजा करणाऱ्या आम्हां लोकांस त्याचे फारसे नवल वाटू नये.

१९६६ साली त्याने टेस्ट नावाचा तिघांचा संच काढला. १९७० च्या ऑगस्टमध्ये आयल ऑफ वाइट बेटावरील प्रचंड मेळाव्यात त्या संचाने नाव मिळविले आणि त्याच वर्षाअखेर तो मोडलाही. १९७१ पासून गॅलहर स्वतःच्या नावाने वाजवू लागला. मडी वॉटर्स या ब्लूजमधील थोर पुरुषाने लंडनमध्ये ध्वनिमुद्रण केले, तेव्हा साथीस बोलाविलेल्यांत हा तरुण आयरिश होता. १९७५ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्स या जगद्विख्यात संचाने त्यास रॉटरडॅम येथे वाजविण्यास बोलाविले. काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवून, ठरलेल्या कार्यक्रमांसाठी तो जपानला निघून गेला. खपाऊ एकेरी तबकड्या काढणे त्यास मान्य नव्हते. दिलेला शब्द आणि समोरचा श्रोता यांपुढे त्यास इतर गोष्टींची मातब्बरी वाटत नसे.

एवढ्यावरून त्याची थोरवी सिद्ध होईल. पण त्यावरील लोकांच्या प्रेमाचा उलगडा होणार नाही. त्याच्याइतकी चपळ बोटे त्या पिढीत आणखी पाचदहा जणांची होती. उलगडा व्हावयाचा तर बेलफास्ट शहराकडे वळले पाहिजे.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी होऊन उत्तरेचा भाग ब्रिटिश राज्यात राहिला. तेथील कॅथलिक व प्रॉटेस्टंट समाजांतील तेढ १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भडकली, आणि पुढील तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. १९७२ हे वर्ष तर सर्वांत भीषण गेले. बाँबस्फोट नित्याचे झाले, रात्री रस्ते ओस पडू लागले, आणि परदेशचे नामांकित वादक-गायक बेलफास्टचे नाव आपल्या दौऱ्यांतून वगळू लागले. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. जिवाची भीती कोणास नसते? आणि ती भीती निराधार नव्हती, हे ३१ जुलै १९७५ च्या रात्री दिसून आले. मायामी शोबँड नावाच्या लोकप्रिय संचाची गाडी उत्तरेतील कार्यक्रम आटोपून डब्लिनकडे परतत असता, खोट्या लष्करी नाक्यावर ती थांबवून तिघा वादकांस ठार करण्यात आले. वादक म्हणून कोणास अभय नव्हते.

अशा त्या शहरात गॅलहर येत राहिला. १९७२ च्या नववर्षदिनी शहरात स्फोटांचे आवाज होत असता अल्स्टर हॉलमध्ये त्याचे वादन झाले, आणि त्यानंतरही तो पुनःपुन्हा आला. बेलफास्ट त्यास परके नव्हते. उमेदवारीच्या दिवसांत तो तेथे राहिला होता, आणि दोन दशके त्याच्या साथीस असलेला बास-वादक त्याच शहराचा पुत्र होता. १९७४ च्या आरंभी बेलफास्ट, डब्लिन व कॉर्क येथे झालेल्या त्याच्या वादनाच्या मुद्रणांतून आयरिश टूर ’७४ हा जोडसंग्रह व त्याच नावाचा टोनी पामर यांचा चित्रपट तयार झाला. त्यात श्रोत्यांचा जो कल्लोळ ऐकू येतो, तो आम्हांस केवळ करमणुकीस जमलेल्या गर्दीचा वाटत नाही. त्या दिवाणखान्यात दोन्ही समाजांची मुले खांद्यास खांदा लावून उभी असत. बाहेर ज्यांनी एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकण्याचे धाडस केले नसते, ती दोन तास एकाच ठेक्यावर डोलत. गॅलहरने मंचावरून उपदेश केला नाही, की कोणताही झेंडा हाती घेतला नाही. तो आला, घाम गळेपर्यंत वाजविले, आणि पुढल्या खेपेस पुन्हा आला. त्याने संगीताने युद्ध थांबविले, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण वाळीत पडलेल्या शहरास आपण अजून जगाचे आहोत, असे त्याच्यामुळे काही रात्री तरी वाटले, हे थोडे नव्हे.

भक्तांच्या निष्ठेबरोबर आख्यायिका येतातच. त्यांची छाननी करणे हे इतिहासाचे अप्रिय कर्तव्य होय. जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादक असल्याबद्दल काय वाटते, असे जिमी हेंड्रिक्स यास कोणी विचारले असता त्याने तो प्रश्न गॅलहरला विचारण्यास सांगितले, ही गोष्ट चाहते आवडीने सांगतात. तीस समकालीन पुरावा मिळत नाही; शिवाय हेच उत्तर निरनिराळ्या वादकांची नावे घालून सांगितले जाते. अर्थात् ही गोष्ट टाकून द्यावी, हे बरे. तिच्या ऐवजी जी घेण्याजोगी आहे, ती पुढे क्वीन या संचातून विख्यात झालेल्या ब्रायन मे यांनी स्वतः सांगितली आहे. तरुणपणी ते लंडनमध्ये टेस्टचे वादन ऐकण्यास गेले, आणि कार्यक्रम संपल्यावर मागे थांबून हा नाद कसा काढता, असे त्यांनी गॅलहरला विचारले. त्याने आपला ध्वनिवर्धक व त्यास जोडलेली लहानशी पेटी दाखवून सर्व उलगडून सांगितले. आपल्याकडील विद्या अनोळखी पोरास बिनदिक्कत देऊन टाकणारा माणूस थोर ठरण्यास दुसऱ्या थोराच्या प्रशस्तिपत्राची गरज काय?

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या अविश्रांत भ्रमंतीने गॅलहर लोकांचा झाला, तिनेच त्यास पोखरले. पुढे पुढे त्यास विमानप्रवासाची विलक्षण धास्ती वाटू लागली; त्यावरील औषधे व मद्य यांनी यकृत निकामी केले. त्याने लग्न केले नाही, संसार मांडला नाही. १० जानेवारी १९९५ रोजी रॉटरडॅम येथेच त्याचे अखेरचे वादन झाले, आणि यकृतारोपणानंतरच्या संसर्गाने १४ जून १९९५ रोजी लंडन येथे, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यास मृत्यू आला. श्रोत्यांनी त्याच्याजवळ दर रात्री सर्वस्व मागितले व त्याने ते दिले; त्याच्याकरिता मात्र कोणी काय केले, हा प्रश्न निर्माण होतो. त्यामुळेच, आम्हांस वाटते, त्याच्या चाहत्यांच्या कौतुकात आनंदाबरोबर ऋणाची जाणीव मिसळलेली असते, आणि ऋणाची जाणीव आनंदाहून अधिक काळ टिकते.

हे ऋण फेडण्याचे प्रयत्न अद्यापि चालू आहेत. कॉर्कमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे, बॅलिशॅननमध्ये २०१० साली पुतळा झाला. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनमध्ये त्या जुन्या गिटारीचा लिलाव झाला. ती परमुलखातील एखाद्या धनिकाच्या कपाटात जाणार, या कल्पनेने आयर्लंडभर चाहते हळहळले होते. अखेर ८ लक्ष ८९ हजार पौंडांवर किंमत देऊन ती एका आयरिश कार्यक्रमसंस्थेने, तेथील राष्ट्रीय संग्रहालयास अर्पण करण्यासाठी, घेतली. शंभर पौंडांच्या हप्त्यांची चिंता करणाऱ्या त्या मुलास हा आकडा कदाचित् लज्जास्पदच वाटला असता. आम्हांस या रकमेपेक्षा तीन महिन्यांनी घडलेली गोष्ट मोठी वाटते. ४ जानेवारी २०२५ रोजी, चाहत्यांच्या दीर्घ खटपटीनंतर, बेलफास्टमध्ये अल्स्टर हॉलच्या दाराशी त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तो मनुष्य त्या शहरात जन्मला नव्हता, तेथे वाढला नव्हता, तेथे मेलाही नाही. पण १९७२ साली जी मुले भीत भीत त्या दारातून आत गेली होती, ती आता म्हातारी झाली आहेत. आणि इतर कोणी येईना तेव्हा कोण आला होता, हे त्यांच्या नातवंडांस आता त्याच दाराशी दाखविता येईल.