घाटावरची ओवी

शिळफाट्याला राहणाऱ्या माणसाने गाण्याचा नाद करावा, ही तशी हसण्यासारखीच गोष्ट आहे. खोपोलीचा हा नाका म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा अष्टौप्रहर गोंगाट. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला तेव्हा आता आपल्याकडे थोडी शांतता नांदेल, असे आम्हां भोळ्या मंडळींना वाटले होते. ते वाटणे वाटण्यापुरतेच राहिले. गावाच्या नावात शीळ आहे खरी, पण कानी पडतो तो ट्रकचा भोंगा.

तरीही हा नाद मला आहे, आणि तोही आडवळणाच्या गाण्याचा. शाळेच्या वह्या तपासून झाल्या, लिहिण्याचा कंटाळा आला, की रात्री मी मोबाइल घेऊन बसतो आणि कधी न ऐकलेल्या गाण्याच्या शोधात निघतो. एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढणारे मंगोलियाचे गवई मी याच खोलीत ऐकले. लिस्बनच्या गल्ल्यांतले फादो नावाचे विरहगीतही ऐकले. ते ऐकून आतल्या खोलीतून आईने विचारले होते, "अरे, कोण रडतंय एवढ्या रातीचं?"

आज आपण म्हणतो की इंटरनेटवर काय वाटेल ते सापडते. परंतु गाणे माणसाला सापडते कसे, याचा इतिहास पाहिला तर ते कधीच आपोआप सापडलेले नाही. कुणीतरी ते वाहून आणावे लागते. पूर्वी ते वासुदेवाच्या टोपीखालून आले, गोंधळ्याच्या संबळाबरोबर आले, कीर्तनकाराबरोबर आणि तमाशाच्या फडाबरोबर आले, पंढरीच्या वाटेवर एका दिंडीतून दुसरीत गेले. वाहणारा आला नाही, तर शेजारच्या खोऱ्यातले गाणेही आपल्याला परदेशाइतकेच दूर.

मग यंत्र आले. १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस मेण आणि यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरात हिंदुस्थानातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण त्याने केले. गौहरजान त्या फेरीत गायली. मुद्रण झालेला माल जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथे तबकड्या तयार होऊन परत येत. कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ साली. तबकडीवरचे गाणे जेमतेम तीन मिनिटांचे. ते संपता संपता गायिका इंग्रजीत आपले नाव सांगे, ते रसिकांसाठी नव्हे. हॅनोव्हरच्या कारागिरांना कुठल्या तबकडीवर कुणाची चिठ्ठी लावायची हे कळावे म्हणून. पुढे ती एक ऐटच होऊन बसली.

आपल्या मराठी रंगभूमीचा भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेला. गैसबर्ग आला त्याच्या पुढल्या वर्षी. किर्लोस्कर मंडळीतल्या ज्या आवाजाने महाराष्ट्र वेडा केला, त्याचे एक अक्षरही आपल्या कानांसाठी उरले नाही. एकवीस महिन्यांचे अंतर, पण ते कायमचे. बालगंधर्व मात्र त्यानंतरच्या पिढीतले, म्हणून ते आपल्याला लाभले.

कंपनी अर्थात धर्मादाय नव्हती. जे खपेल ते तिने मुद्रित केले. म्हणून नाट्यपदे आली, ख्याल-ठुमरी आली, लावणी आली, भजने आली. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या लोभापायीच अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा आपण आज ऐकतो. जुन्या तबकड्या चोरबाजारातून वेचून आणणाऱ्या छांदिष्टांनी १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापिली, त्यांचेही उपकार मोठे. पण आमच्या कर्जत-खालापुरातल्या ठाकरवाडीचे गाणे घ्यायला कंपनीचा माणूस कशाला डोंगर चढेल? १९२७ साली मुंबईहून रेडिओ बोलू लागला, १९५७ साली विविध भारती आली, पुढे कॅसेटींनी प्रल्हाद शिंदे घराघरांत नेले. प्रत्येक खेपेस कक्षा रुंदावली. तरी एक गाणे प्रत्येक वेळी उंबऱ्याच्या आतच राहिले. ते गाणारी बाई गाणे म्हणून गातच नव्हती. ती दळण दळीत होती.

जात्यावरच्या ओव्या मी पाहिल्या होत्या, म्हणजे पुस्तकांत. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये त्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे मोठे काम केले. या संग्रहांतून शब्द हाती आले, चाल आली नाही. ओवी छापली की तिचे चार चरण नीटस दिसतात. जात्यावर मात्र एक शब्द दोनदा येतो, मध्येच "बाई" येते, "गं" येतो, दगडाच्या घरघरीबरोबर ओळ लांबते आणि आखडते. हे मला ठाऊक नव्हते. माझ्या पहिल्या कादंबरीत एक सासुरवाशीण ओवी म्हणते. ती ओवी मी खुर्चीवर बसून, यमके जुळवून रचली होती, आणि आई त्या वेळी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडीत होती.

आई मावळातली. बोरघाट चढून गेले की तिचे माहेर, उतरले की सासर. तिच्या गाण्याचा मला विसर पडला होता असेही नाही. ते मला गाणे वाटलेच नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी मोबाइलवर 'मावळ' आणि 'गाणी' एवढेच शब्द घातले. यंत्राने आधी चित्रपटांतले मावळे आणून उभे केले, मग लग्नाच्या वरातीतला धडाका. "तुम्हांला हेही आवडेल" म्हणून यंत्र जे पुढे करते, ते बहुधा इतर हजारांना आवडलेलेच असते. आडवळणाचे गाणे हवे असेल तर त्याचे नाव आधी आपल्याला यावे लागते. मी 'जाते' हा शब्द घातला आणि दार उघडले.

पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ज्याला 'पारी' म्हणतात, ते पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेले ग्रामीण भारताचे संग्रहालय. २०१७ पासून तेथे जात्यावरच्या ओव्या विषयवार येऊ लागल्या. मूळ काम मात्र फार आधीचे. गी पॉइतवाँ हे जन्माने फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक, आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. मुळशी, मावळ या डोंगरी भागांत ही दोघे गरिबांच्या संघटनेचे काम करीत. त्या कामात भेटलेल्या बायकांकडून त्यांनी ओव्या टिपल्या, आणि ते लोण साऱ्या महाराष्ट्रात पसरले. हजारांहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका, एक लाखाहून अधिक ओव्या! बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणक-संगीतज्ञाने नव्वदीच्या दशकापासून त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रण केले, ते एकशेवीस तासांहून अधिक भरते. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. संग्रह पारीवर आला तेव्हा तो पाहायला दोघेही नव्हते.

प्रत्येक ओवीखाली नोंद असते. बाईचे नाव, गाव, तालुका, वय, जात, मुले किती, काम काय, मुद्रणाची तारीख कोणती. जुन्या संग्रहांत बहुधा 'एक स्त्री' एवढीच कवयित्री असे. इथे ती नावानिशी आहे. आणि ती केवळ सीतेचा वनवास आणि पंढरीच गात नाही. कित्येक जणींनी जात्याशी बाबासाहेब आंबेडकरांना गाइले आहे, राणीला सांगावा धाडावा अशा अभिमानाने. जाते जुने, गाणे ताजे.

मला ज्या आवाजाने खिळवून ठेवले तो मुळशीतल्या कोळवड्याचा. आमच्या दारातून दिसणाऱ्या घाटाच्या पलीकडचे हे गाव. तिथल्या बाईचा सूर पुण्यास गेला, पुण्याहून गुरुग्रामच्या संगीत-संग्रहालयात, तिथून फ्रान्समधील एक्स-अँ-प्रोव्हान्स या शहरी, आणि वीस वर्षांनी सबंध जगाला वळसा घालून शिळफाट्यास माझ्या हातातल्या पेटीत उतरला. सरळ यायचे तर घाटाची एक वाट होती! त्याच मावळातल्या तळ्यांचे पाणी नळांतून खाली येऊन १९१५ पासून खोपोलीचे वीजघर चालवीत आले आहे. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज खेड्यांत पोचली ती कितीतरी वर्षांनी. तिच्याबरोबर पिठाची गिरणी पोचली आणि जाते थांबले. बायकांच्या खांद्यांची पहाटेची मोडतोड थांबली, हे चांगलेच झाले. जात्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांनी एकदा पायलीभर नाचणी दळून पाहावी.

मी ते मुद्रण आईला ऐकवले. ती मान हलवीत ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही चाल आमची न्हाय. पल्याडच्या खोऱ्यातली."

"मग तुमची कशी?"

"जातं कुठाय?"

जाते परसात होते. खालच्या दगडावर धुण्याची बादली ठेवलेली, वरचा दगड तुळशीला टेकवून ठेवलेला, आणि खुंटा नाहीच. दोन महिने मी चालढकल केली. तेवढ्यात आई पावसात घसरली, पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, आणि भाऊरावांचे एकवीस महिने मला रात्री अपरात्री आठवू लागले. ती उठून बसू लागताच मी सुताराकडून खुंटा बसवून घेतला.

पहाटेची वेळ तिनेच ठरवली. मूठ मूठ तांदळाची वैरण घालीत ती गायली. आधी आवाज फुटेना. मग जे आले त्यात माझ्या मामांच्या बैलांची नावे होती, माझ्या न जगलेल्या बहिणीविषयी दोन ओव्या होत्या. त्या बहिणीविषयी मला घरात कुणी सांगितले नव्हते. अकरा ओव्या झाल्या. मुद्रणात तीन ठिकाणी ट्रकचे भोंगे आहेत. दुरुस्त करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटले, मी ते तसेच ठेवले आहेत.

शेवटी मी म्हटले, "आई, आता नाव सांग. नोंदीला लागते."

मला वाटले होते ती नेहमीसारखे वडिलांचे आडनाव लावील. तिने पदराने पीठ पुसले, आणि सांगितले ते माहेरचे नाव, बापाच्या नावासकट, आणि घाटावरच्या गावाचे. मग विचारले, "गाव नीट आलं का रे त्यात?"