तंजावरच्या चित्रांतील मूल

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडविलेला एक संगमरवरी शिल्पपट आहे. मृत्युशय्येवर जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले दुसरे सरफोजी राजे, आणि भोवती श्वार्ट्झ यांच्या शाळेतील तीन मुले. स्मारक सरफोजींनीच करविले. श्वार्ट्झ यांच्या कबरीवरील इंग्रजी पद्यही त्यांचेच. त्यात ते श्वार्ट्झ यांना पिता म्हणतात. कौटुंबिक चित्र म्हणून या शिल्पाकडे सहसा कोणी पाहत नाही, पाहावयास हवे.

१७८७ मध्ये तुळजाराजांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले व श्वार्ट्झ यांच्या हवाली केले. राजे लवकरच वारले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. मुलाचे शिक्षणही खुंटले. अखेर १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. दत्तक शास्त्रसंमत की नाही, हा निवाडा पंडित आणि कंपनी सरकार करीत होते; त्या वादात मूल म्हणजे केवळ वारस. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले, त्याच वर्षी सरफोजींना गादी मिळाली. पुढे १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तेथे ते वारस आहेत. चर्चमधील संगमरवरात मात्र पुत्र.

दरबाराबाहेर, मराठा राजवटीत बहरलेल्या तंजावर चित्रशैलीने बालपणाचे दुसरेच रूप घरोघरी नेले: सोन्याच्या वर्खात न्हालेला, लोणी हाती धरलेला गुबगुबीत बाळकृष्ण.

सरकारी छायाचित्रकार लिनियस ट्राइप तंजावरात आला तो १८५८ मध्ये, राज्य खालसा झाल्यावर तीन वर्षांनी. त्याच्या कागदी निगेटिव्हांना मंदिरे मानवली, कारण मंदिरे हलत नाहीत. मुले हलतात! पुढे स्टुडिओ आले, तेव्हा मुलाला प्रथम स्थिर बसणे शिकावे लागले. बाळकृष्णाचा मुकुट व मोरपीसही त्याच्या डोक्यावर चढले.

तमिळ घरांतून मुलीची वेणी फुलांनी गुंफून छायाचित्र काढण्याची चाल रूढ झाली. मागे आरसा ठेवीत, म्हणजे चेहरा आणि वेणी एकाच चौकटीत येत. गुंफणाऱ्या हातांचे कौशल्य दिसावे, हा हेतू. वेणी स्पष्ट उमटे. समोरचा चेहरा पुष्कळदा कंटाळलेला असे.