मॉरिशसला गेलात तर सोळा पायऱ्या मोजा

मागच्या भागानंतर एक मेसेज आला: ‘दादा, हनिमूनला मॉरिशसला चाललोय. तिथे काय काय करायचं?’

अरे, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, ट्रॅव्हल एजन्सी नाही! पण गेल्या वर्षी मेहरूणमधलेच आम्ही चार मित्र तिथे जाऊन आलो, त्यामुळे उत्तर देतो. फक्त माझ्या पद्धतीने.

आधी आकार समजून घ्या. मॉरिशस साधारण २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यात अशी पाच बेटं आरामात बसतील. त्यामुळे चार-पाच दिवसांत पुष्कळ बघून होतं. स्नॉर्केलिंग करा, बोटीने इल ओ सर्फला जा, शामारेलची सात रंगांची माती बघा. हे सगळं कराच. पण अर्धा दिवस राखून ठेवा आणि राजधानी पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाटावर जा.

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा एक मित्र म्हणाला, “काय भो, बीच सोडून या पडक्या भिंती काय बघायच्या?” समोर दगडी पायऱ्या होत्या. मोजल्या, सोळा भरल्या.

गोष्ट अशी आहे. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र तसेच उभे होते, मग राबणार कोण? इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ लाच उतरली होती. सुरुवातीच्या करारांत मुदत ५ वर्षं आणि पुरुषाला पगार महिना ५ रुपये. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचं लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. १८४९ मध्ये हा घाट बांधला गेला. १८३४ ते १९२० या काळात जवळपास ५ लाख लोक या बेटावर उतरले. काहींना इथून पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवलं. बहुतेक जण कलकत्त्याहून आणि मद्रासहून आले, पण मुंबई बंदरातूनही जहाजं निघाली. त्यांत आपली मराठी माणसं होती, विशेषतः कोकणातली.

माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड होता. आम्ही स्वतःला गमतीत ‘गिरमिटिया’ म्हणायचो. त्या पायऱ्या बघितल्यावर ती गंमत नकोशी वाटली. मी पैसे भरून सुटू शकत होतो. ते मळा सोडून गेले तर तुरुंग. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायचे, त्याला ‘डबल कट’ म्हणत. १८६७ च्या कायद्याने तर जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगणं सक्तीचं केलं. ते नसेल तर भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये ९,४०१ जणांनी याविरुद्ध अर्ज केला आणि पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग आला. म्हणजे ही माणसं गप्प बसलेली नव्हती.

आता दुसरी जागा. ल मॉर्नच्या किनाऱ्यावर लोक काइट सर्फिंग करतात. मागे जो डोंगर दिसतो, त्याच्या कडेकपारीत पळून आलेले गुलाम लपत असत. लाटांवरून उतरलात की एकदा तिकडेही बघा. घाट २००६ मध्ये आणि हा डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

आणि तारखा हातात असतील तर गणपतीत जा. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते! कास्काव्हेलसारख्या गावात मराठी घरं आहेत. घरात बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये, पण आरती मराठीत. कोकणातून गेलेला नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून टिकून आहे. आपण मेहरूण तलावावर बाप्पाला निरोप देतो, ते हिंदी महासागरात देतात.

परत येताना विमानात तोच मित्र म्हणाला, “भो, यातल्या कितीजणांना परत यायचं होतं रे?”

आपलं रिटर्न तिकीट निघण्याआधीच बुक असतं. त्यांच्यातले बरेच जण कधीच परतले नाहीत. म्हणून म्हणतो, घाटावर गेलात की सेल्फी काढा, पण त्याआधी त्या सोळा पायऱ्या मोजा.

भेटू पुढच्या भागात!