एकच माणूस, तीन दप्तरे

गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या जन्मनोंदीत रकाने नसतात, सलग मजकूर असतो. वर्ष, महिना, दिवस, वेळ, सगळे अक्षरी लिहिलेले. मूल कोणत्या गावात जन्मले, आईबाप कोण, ते कुठले, काय करतात; मग दोन्हीकडचे आजी-आजोबा, साक्षीदार आणि शेवटी अधिकाऱ्याची सही. बाजूला समास मोकळा ठेवलेला. त्या माणसाचे पुढे लग्न झाले, घटस्फोट झाला, तो वारला, की त्याची टीप या समासात यायची. तीन पिढ्यांची नावे आणि एक पुरते आयुष्य एका पानावर. या नोंदीच्या संपूर्ण नकलेला गोव्यात आजही ‘तेओर’ म्हणतात.

असे तेओर भाषांतरित करून देणे हे माझे काम. मी मूळची फोंड्याची. वडील पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज शाळेत शिकलेले; पोर्तुगीज मी त्यांच्याकडूनच शिकले. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळांना पासपोर्ट काढायचा असतो, कुणाला भारतीय, कुणाला पोर्तुगीज. अडचण बहुधा एकच असते: कागदांवरची नावे जुळत नाहीत. तपासणाऱ्याला संशय येतो, आणि अर्जदार खरा असूनही आरोपीसारखा उभा राहतो. मला हे फार लागते, कारण गोव्यातल्या बहुतेक विसंगतींना कारण असते आणि ते इतिहासात सापडते. ज्याला तो इतिहास ठाऊक नाही, त्याने कितीही काटेकोरपणे कागद तपासले तरी निर्णय चुकण्याची भीती राहते.

पहिले दप्तर चर्चचे. 1563 साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्न यांची नोंद ठेवणे प्रत्येक पॅरिशवर बंधनकारक केले. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशांत, तेव्हा धर्मांतरे चालू होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्याला आडनाव मिळे ते धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे. त्यामुळे एकाच रक्ताच्या दोन शाखा फर्नांडिस आणि सोझा अशा वेगळ्या झाल्या, आणि एकाच गावातली अनेक फर्नांडिस घरे एकमेकांची कोणीही लागत नाहीत, असे झाले. आडनावावरून नाते ठरवणारा तपासनीस इथे पहिल्याच पायरीवर फसतो. शिवाय बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचे तेवढे पाळण्यातले नाव असते. आडनाव बापाच्या नावावरून जोडून घ्यायचे. बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांनी व्हायचा. पुष्कळ घरांत तीच तारीख वाढदिवस म्हणून रूढ झाली आणि शाळेच्या दाखल्यावरही तीच चढली.

दुसरे दप्तर सरकारचे. 5 ऑक्टोबर 1910 रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने 18 फेब्रुवारी 1911 च्या कायद्याने जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद चर्चच्या हातून काढून नागरी नोंदणीकडे दिली. त्याच दशकात ही पद्धत गोव्यातही आली. आणि त्याच 1911 साली पोर्तुगीज शुद्धलेखनही बदलले. ‘फ’साठी पी-एच ऐवजी एफ, ‘टी-एच’मधला एच गेला, जोडीने लिहिली जाणारी कित्येक अक्षरे एकेरी झाली. म्हणजे आजीचे नाव चर्चच्या वहीत ज्या अक्षरांनी लिहिलेले, त्या अक्षरांनी ते तिच्या मुलांच्या नोंदीत सापडेलच असे नाही. फिलोमेना, तेरेझा, मातियास या नावांत हा फरक मी नेहमी पाहते. कारकुनाने चूक केलेली नसते, नवा नियम पाळलेला असतो.

फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे आल्या अठराव्या शतकात. इथे वस्ती मुख्यतः हिंदूंची. आमच्याकडे जन्मपत्रिका असे. तिच्यात शके, तिथी आणि नक्षत्र. नागरी नोंदणी आल्यावर आमची नावे पोर्तुगीज कानाने ऐकली आणि पोर्तुगीज अक्षरांनी लिहिली गेली. ‘श’साठी एक्स, ‘क’साठी कधी सी तर कधी क्यू, आणि पुष्कळ नावांच्या शेवटी एक जादा स्वर. प्रभूचा ‘पोरोबो’ झाला, भटाचा ‘बोटो’, कामतांचे ‘कामोतीं’. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपले थोर इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरीतल्या पिसुर्ले गावी 1894 साली जन्मलेल्या या अभ्यासकाने गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा अनेक वर्षे वाहिली. पिसुर्लेकरांचे पूर्ण नाव पोर्तुगीजमध्ये उच्चारायचे तर ‘पांडुरंगा साकारामा सिनाय पिसुर्लेंकार’. त्यात स्वतःचे नाव आहे, वडिलांचे आहे, शेणवी ही जातिवाचक उपाधी आहे आणि गावावरून आलेले आडनाव आहे. आजच्या अर्जात जागा दोनच, नाव आणि आडनाव. ‘सिनाय’ कुठे लिहायचे? एका भावाने ते नावात घातले, दुसऱ्याने आडनावात, तिसऱ्याने मुक्तीनंतर टाकूनच दिले, अशी घरे गोव्यात कितीतरी आहेत.

पोर्तुगीज रीतीत आईचे आडनाव आधी येते आणि बापाचे शेवटी. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले टी. बी. कुन्हा यांचे पूर्ण नाव त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्हा. ब्रागांसा हे चांदरचे आईचे घराणे, कुन्हा हे वडिलांचे. आजचा पोर्तुगीज कायदा दोन नावे आणि चार आडनावे इथपर्यंत मोकळीक देतो. ही रीत माहीत नसलेला माणूस मधले आडनाव वडिलांचे नाव समजतो, कारण महाराष्ट्रात मधल्या जागी वडीलच असतात. भारतीय कागदांवर मग ब्रागांसा किंवा तसे दुसरे मातृघराणे गळून जाते आणि लिस्बनमध्ये प्रश्न उभा राहतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बायकांची. आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलायची चाल होती. ताटातल्या तांदळात नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव घरात कोणी उच्चारत नसे. पोर्तुगीज नोंदणीला ही चाल मान्य नव्हती. तिच्या हिशेबी जन्माला मिळालेले नाव परवानगीवाचून बदलत नाही. लग्नाने फार तर नवऱ्याचे आडनाव जोडता येते. मग होते असे: जन्मनोंदीत आणि लग्नाच्या नोंदीत एक नाव, मुलांच्या शाळेच्या दाखल्यात, रेशनकार्डावर आणि मतदार यादीत दुसरे. पन्नास वर्षे लक्ष्मीबाई म्हणून जगलेल्या बाईला म्हातारपणी सिद्ध करावे लागते की सुंदरी ती स्वतःच. त्यासाठी ‘एकच व्यक्ती’ असल्याचा दाखला काढायचा. तिचा मुलगा अर्ज करतो, पण तपासली जाते ती आई.

गावाबाहेर गेलेल्यांची नावे आणखी बदलली. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोमंतकीयांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून बोटीवर जाणारे तारवटी इंग्रजी कागदांवर जुजेचे जोसेफ आणि जुआंवचे जॉन झाले. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत गेलेल्यांच्या मुलांची नोंद इंग्रजी वळणाने झाली.

तिसरे दप्तर भारताचे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या नागरिकत्व आदेशाने गोमंतकीय भारतीय नागरिक झाले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते 31 डिसेंबर 1974 च्या कराराने. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवण्याची वाट मात्र खुली राहिली. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यायची, मग लग्नाची, मग मुलांची. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून हा निर्णय साधा नसतो. स्विंडनसारख्या इंग्रजी शहरात गोमंतकीयांच्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या याच कागदांवर.

खोटे कागद होतच नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण खोटेपणा अक्षराच्या फरकात शोधू नये. पुस्तकातला अनुक्रम बघावा, आधीच्या आणि नंतरच्या नोंदी बघाव्यात, त्याच कारकुनाचे हस्ताक्षर आणि शाई ताडून पाहावी, आजी-आजोबांची नावे भावंडांच्या नोंदींत तीच आहेत का ते पाहावे. बनावट नोंद करणाऱ्याला एक नाव हुबेहूब जुळवता येते. चार आजी-आजोबा, गाव, साक्षीदार आणि समासातली टीप एकदम जुळवणे त्याला जड जाते. उलट खऱ्या माणसाच्या नावात दोन अक्षरे इकडेतिकडे असली, तरी ही सगळी माणसे त्याच्या पाठीशी उभी असतात.

म्हणून माझी मागणी अशी आहे. या वह्यांची छायाचित्रे काढून संगणकावर ठेवताना फक्त नाव आणि तारीख उचलू नये. पूर्ण पान घ्यावे, समासासकट. पोर्तुगीज वाचणारी पिढी सरत चालली आहे, तेव्हा नोंदणी कार्यालयांतल्या तरुण लिपिकांना या वह्या वाचायला शिकवावे. सही, संक्षेप, जुने शुद्धलेखन, सगळे. आणि पासपोर्टचा अर्ज तपासणाऱ्याने नाव जुळले नाही म्हणून कागद परत करण्याआधी विचारावे: हे नाव कोणत्या साली, कोणत्या भाषेच्या माणसाने, कोणत्या नियमाने लिहिले? या प्रश्नाचे उत्तर त्याच पानावर असते. ते वाचण्याची तसदी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि तशी अपेक्षा करणे हा अर्जदाराचा हक्क.