बोंडलं आणि बाटली

गोष्ट १९६६ची. धाकटा भाऊ दोन महिन्यांचा झाला आणि आईला शाळेवर रुजू व्हावं लागलं. पावडरचा डबा आला, बाटली उकळली. पण पठ्ठ्या रबरी निपल तोंडात धरीना. आजीनं चांदीचं बोंडलं काढलं आणि आईला म्हणाली, "तू परसात जा गं. तुझा वास आला की तो दुसरं काही घेणार नाही."

रबरी निपलचं पेटंट न्यूयॉर्कच्या एलिजा प्रॅट यांनी १८४५मध्ये घेतलं. १८६७मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावात हेन्री नेस्ले यांनी दूध-पिठाचं बाळअन्न विकायला काढलं. त्या काळी इंग्लंडात लांब रबरी नळीच्या बाटल्या घरोघरी होत्या. नळी आतून धुताच येत नसे. जंतू माजत, मुलं दगावत. 'खुनी बाटली' हे नाव तिला उगाच पडलं नाही. आमचं उघडं बोंडलं बोट फिरवून लख्ख होई!

भारतात १९९२च्या कायद्यानं बाळदूध आणि बाटली, दोन्हींच्या जाहिरातींवर बंदी आणली. वरचं दूध द्यावंच लागलं, तर डॉक्टरही वाटी-चमचा सुचवतात.

तिसऱ्या दिवशी भाऊ आजीच्या मांडीवर बोंडल्यानं दूध प्यायला. बाटली त्यानं शेवटपर्यंत घेतली नाही.