बहात्तरचा दुष्काळ देवदाराला ठाऊक नाही

गेल्या मे महिन्यात हर्षिलला गेलो होतो. उत्तरकाशीच्या पुढे, गंगोत्रीच्या वाटेवर, भागीरथीकाठचं गाव. उंची साधारण २,६०० मीटर. राहत होतो त्या घरामागे वादळात पडलेल्या एका देवदाराचा बुंधा होता, करवतीनं सपाट कापलेला. फोटो काढला, मोठा केला आणि सालीपासून आत एकेक वर्तुळ मोजत बसलो. झाड कोणत्या साली पडलं हे घरमालकांच्या पक्कं लक्षात होतं, त्यामुळे हिशेब सोपा होता.

मला १९७२ गाठायचं होतं. आजीच्या तोंडून बहात्तर ऐकतच मी मोठा झालो. सुकडी, खडी फोडायला गेलेली अख्खी वस्ती, विकलेली बैलजोडी. एवढा दुष्काळ, म्हणजे वर्तुळ केसाएवढं बारीक असणार!

तसं काहीच नव्हतं. शेजारच्यांसारखंच एक वर्तुळ. पुन्हा मोजलं, तरी तेच.

एका झाडाच्या एका वर्तुळावरून काही सिद्ध होत नाही, ते सोडा. पण माझा प्रश्नच चुकला होता. बहात्तरला आपल्याकडे दगा दिला तो जून ते सप्टेंबरच्या पावसानं. देवदाराचं वर्ष वेगळं चालतं. थंडीत त्याची वाढ थांबलेली असते. वसंतात तो जागा होतो आणि फिकट, रुंद लाकूड भरायला लागतो. हंगाम संपताना गडद, अरुंद कड येते. फिकट आणि गडद मिळून एक वर्ष. त्या पहिल्या भरणीला पाणी मिळतं ते हिवाळ्यातल्या बर्फाचं आणि मार्च ते मे मधल्या सरींचं. याच महिन्यांत ऊन तापलं तर ओल उडून जाते आणि वर्तुळ बारीक होतं. (जिथं झाडंच संपतात त्या उंचीवर अनेकदा उलटं घडतं: पाणी असतं, ऊब कमी पडते, म्हणून गरम उन्हाळा फळतो.) पश्चिम हिमालयातल्या देवदारांचं हे वागणं ज्यांनी तपासलं, त्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञही आहेत. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही. पोकळ गिरमिटानं पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढतात आणि अनेक झाडांची बारीक-रुंद वर्षं एकमेकांशी जुळवतात.

पण हर्षिलची झाडं कधीच पडायला लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज इथं आला. इथली सफरचंदं लोक अजून त्याच्या नावावर सांगतात. टिहरीच्या राजाकडून त्यानं जंगलतोडीचा ठेका घेतला आणि ओंडके भागीरथीत सोडून खाली मैदानात नेले. गिऱ्हाईक होतं रेल्वे. औषध न लावता रुळांखाली टिकणारी मोजकीच देशी लाकडं होती: साग, साल आणि देवदार. पुढे ही जंगलं ब्रिटिश सरकारनंच भाडेपट्ट्यानं घेतली. १८६४ साली वनखातं निघालं, त्यामागेही स्लीपरची चिंता होती.

आता १८७७ चं साल घ्या. मान्सून रुसला, दख्खनमध्ये माणसं आधीच भुकेनं मरत होती. हवामान खातं जेमतेम दोन वर्षांचं. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांना शंका आली, की हिमालयात बर्फ जास्त पडलं तर मान्सून कमजोर होतो. १८८४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. हाताशी नोंदी होत्या थोड्याच वर्षांच्या. शेकडो वर्षांच्या हिवाळ्यांचा आणि वसंतांचा माग ज्या लाकडात होता, ते त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याच्या हिशेबात घनफुटांनी मोजलं जात होतं.

ब्लॅनफोर्डना दोष देता येत नाही. वर्तुळं जुळवून वर्ष ठरवण्याची रीत विसाव्या शतकात अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी बसवली. १९२९ मध्ये ॲरिझोनात सापडलेल्या एका जळक्या तुळईनं तिथल्या प्राचीन वस्त्यांची वर्षं उलगडली. म्हणजे कापलेलं लाकूडही बोलतं, पण ते शिल्लक असेल तर.

परतताना हरिद्वारला गाडीला उशीर होता. फलाटाच्या कडेनं वाकून रुळांखाली पाहिलं. सगळे काँक्रीटचे स्लीपर.