गुहेतले हात कोणाचे?

१२. तळहात भिंतीला टेकवून त्याभोवती कालवलेला गेरू किंवा कोळसा फुंकला, की हात उचलल्यावर कोरी आकृती उरते. लेखकाने या आकृत्या सरसकट पुरुष शिकाऱ्यांच्या मानल्या आहेत. आज ते मान्य करता येत नाही. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ डीन स्नो यांनी फ्रान्स-स्पेनमधील ३२ आकृत्यांत बोटांची प्रमाणे मोजली आणि त्यांतल्या २४ स्त्रियांच्या ठरवल्या (२०१३). नमुना लहान आहे, किशोरवयीन मुलांचे हात फसवेही ठरतात. तरी जुनी समजूत हलली, हे मोठेच काम. गार्गास गुहेत तर तान्ह्या बाळाचा हात आहे. तो कुणीतरी मोठ्यानेच धरला असणार. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरची एक हस्ताकृती किमान ३९,९०० वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा या प्रथेचा उगम युरोपातच शोधण्याचे कारण नाही. — संपा.